कधीच फुटबॉल न खेळता कॉलेजच्या टीमची निवड चाचणी कशी द्यायची

शाळेला मैदान नव्हतं, कॉलनीत क्रिकेटच चालायचं, फुटबॉल पाहिला तो रात्री जागून टीव्हीवर. आणि आता जिमखान्याबाहेर फुटबॉलच्या निवड चाचणीची नोटीस लागणार आहे. अशा मुलामुलींसाठी हा लेख आहे. चाचणीला जरूर जा, फक्त हात हलवत जाऊ नका.

दहा वर्षं खेळलेल्या पोराची पायातली सफाई दोन महिन्यांत येत नाही, आणि तशी कुणी अपेक्षाही करत नाही. नवख्या खेळाडूकडे प्रशिक्षक चार गोष्टी बघतात: शेवटच्या दहा मिनिटांतही पळतो का, आलेला चेंडू साधेपणाने आपल्या माणसाला देतो का, दिलेली जागा धरून राहतो का, आणि सरावाला रोज येतो का. या चारही गोष्टी आठ आठवड्यांत अंगवळणी पडू शकतात. खालची सगळी तयारी त्यांच्यासाठीच आहे.

कॉलेज कोणतं आहे याने मात्र बराच फरक पडतो. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालीम मंडळांच्या टीम आहेत, पोरं लहानपणापासून छत्रपती शाहू स्टेडियमवरचे सामने बघत वाढतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. तिथल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या मुरलेल्या कॉलेजात पहिल्याच वर्षी यादीत नाव येणं अवघड आहे. उलट अभियांत्रिकी, फार्मसी, कॉमर्सच्या कित्येक कॉलेजांत अठरा जणांची यादी भरताना क्रीडा विभागाची दमछाक होते. आपलं कॉलेज कुठे बसतं ते आधी पाहा आणि त्या हिशेबाने अपेक्षा ठेवा.

१. कोणती टीम, कधी आणि कुणाकडे

अकरावी-बारावीची टीम आणि पदवीची टीम या वेगळ्या असतात. ज्युनियर कॉलेजची मुलं शालेय क्रीडा स्पर्धांत १९ वर्षांखालील गटात खेळतात. त्याचं काम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत चालतं. पदवी आणि पदव्युत्तरची मुलं विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतात. तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. एकाच आवारात दोन्ही कॉलेजं असली, तर चुकीच्या चाचणीला जाऊन उभे राहू नका.

प्रवेश झाला की पहिल्याच आठवड्यात जिमखान्यात जा आणि शारीरिक शिक्षण संचालकांना भेटा. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस येईल म्हणून थांबू नका; चाचणीची तारीख बऱ्याचदा दोन-तीन दिवस आधीच कळते. बहुतेक ठिकाणी ती जुलै-ऑगस्टमध्ये होते, म्हणजे तयारी एप्रिल-मेपासूनच हवी. सरांना किंवा मॅडमना एवढं विचारून घ्या:

- चाचणी कधी, कोणत्या मैदानावर, आणि मैदान मातीचं की कृत्रिम गवताचं?
- सराव आठवड्यातून किती दिवस, किती वाजता?
- गेल्या वर्षीचे कोण कोण पास होऊन गेले? कोणत्या जागा रिकाम्या आहेत?
- यादीत नाव आलं नाही तरी सरावाला येऊ द्याल का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून ठेवा. दोन्ही साइड बॅक (बचावफळीत डाव्या-उजव्या कडेला खेळणारे) गेल्या वर्षी पास झाले असतील, तर तुमची उरलेली तयारी कशाची करायची ते तिथेच ठरतं.

सध्याचा कॅप्टन कोण तेही विचारा आणि त्याला मैदानावर गाठा. चाचणीआधीच्या सरावात नवख्याला घ्यायचं की नाही हे पुष्कळदा त्याच्याच हातात असतं.

२. कागदपत्रं

चाचणीच्या दिवशी ओळखपत्र पुरतं. यादीत नाव आल्यावर मात्र पात्रता अर्ज भरायला बऱ्याचदा दोनच दिवस मिळतात आणि तिथे चांगली मुलं गळतात. म्हणून हे आधीच एका फोल्डरमध्ये लावून ठेवा, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्ससह:

- कॉलेजचं चालू वर्षाचं ओळखपत्र आणि फी भरल्याची पावती
- जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला
- दहावी, बारावी आणि शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका
- आधार कार्ड
- पासपोर्ट आकाराचे सहा-आठ फोटो
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
- पालकांचं संमतिपत्र
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशनचे कागद

आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वय १७ ते २५ मध्ये असावं लागतं आणि अभ्यासक्रम पूर्णवेळ, नियमित हवा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या कागदावर एक आणि आधारवर दुसरं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या. स्पर्धेच्या टेबलावर सामना सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी समोरच्या कॉलेजने हरकत घेतली, की त्याचं काहीही करता येत नाही.

तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र न तपासता शिक्का मारून मिळतं, पण तसं घेऊ नका. दमा, झटके, हृदयाचा त्रास, पळताना कधी भोवळ आलेली असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि खरोखर तपासून घ्या. दमा असलेली मुलं इनहेलर वापरून खेळतात. तो किटबॅगमध्ये आहे हे प्रशिक्षकांना माहीत असलं पाहिजे.

३. सामान

बूट सोडून कशावरही जास्त खर्च करू नका. नवखे सहसा उलट करतात: जर्सी परदेशी क्लबची आणि पायात पळायचे सपाट बूट.

आपल्याकडची बरीच मैदानं उन्हाळ्यात दगडासारखी टणक आणि पावसाळ्यात चिखलाची असतात. दोन्हीला चालतील असे प्लास्टिक किंवा रबराच्या, तळव्यातच ओतलेल्या गोल स्टडचे (तळाच्या उंचवट्यांचे) बूट घ्या. स्क्रूचे लांब धातूचे स्टड टणक मातीत रुतत नाहीत, घोटा मुरगळतो, आणि काही मैदानांवर त्यांना बंदीच असते. फक्त कृत्रिम गवतावर खेळणार असाल, तर खूप सारे छोटे रबरी स्टड असलेले टर्फ बूट घ्या. भारतीय कंपन्यांचे बूट साधारण हजार-दीड हजारात मिळतात आणि पहिल्या वर्षाला ते भरपूर झाले. दुकानात फुटबॉलचे जाड मोजे घालूनच माप घ्या. अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाच्या रुंदीएवढीच जागा राहू द्या. सैल बुटात पाय आत सरकतो, फोड येतात आणि पासची दिशाही बिघडते.

शिनगार्ड (नडगीवर लावायची संरक्षक पट्टी) नियमानेच सक्तीचे आहेत, मोज्याच्या आत पूर्ण झाकलेले. चेंडू ५ नंबरचा घ्या: परीघ ६८ ते ७० सेंमी, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. लहान भावाचा ४ नंबरचा चेंडू सरावाला वापरू नका, त्याने पायाचा अंदाज चुकतो. हवा भरताना चेंडू अंगठ्याने दाबून पाहा. थोडा दबला पाहिजे. कडकडीत भरलेला चेंडू पायावरून उसळतो आणि नवख्याला वाटतं, आपला पायच वाईट आहे.

गोलकीपिंगचा विचार असेल तर हातमोजे आणि कोपर-गुडघ्यांचे पॅड घ्या. मातीवर पॅडशिवाय झेप घेतली की कातडी निघते.

४. दम: आठ आठवडे

मैदानावर सतत एका वेगाने कुणी पळत नाही. दहा मीटर जोरात, मग चाल, मग वीस मीटर मागे, थांबून वळणं, पुन्हा जोर, असं नव्वद मिनिटं चालतं. तरीही पहिल्यांदा पाया हवाच.

पहिले दोन आठवडे: आठवड्यातून तीन दिवस २० मिनिटं संथ पळा. शेजारच्याशी बोलता येईल एवढाच वेग. एप्रिल-मेचं ऊन टाळा, सकाळी सहाच्या आत मैदानावर पोहोचा.

तिसरा-चौथा आठवडा: एक दिवस ३० मिनिटं संथ. एक दिवस १०० मीटरच्या आठ धावा, पूर्ण ताकदीच्या पाऊण वेगाने, प्रत्येकीनंतर चालत परत. तिसऱ्या दिवशी जुनीच २० मिनिटं.

पाचवा-सहावा आठवडा: १५ सेकंद जोरात, १५ सेकंद चाल, असं आठ मिनिटं. चार मिनिटं विश्रांती, मग पुन्हा आठ मिनिटं. हे आठवड्यातून दोनदा.

सातवा-आठवा आठवडा: मैदानावरच्याच रेषा वापरून शटल. गोलरेषेपासून साडेपाच मीटरच्या छोट्या चौकटीपर्यंत आणि परत, साडेसोळा मीटरच्या पेनल्टी चौकटीपर्यंत आणि परत, मग मध्यरेषेपर्यंत आणि परत. अशा सहा फेऱ्या, मध्ये दीड मिनिटाची विश्रांती. वळताना गुडघे वाकवून बूड खाली आणा, आणि एकदा डावीकडून तर एकदा उजवीकडून वळा.

पुष्कळ प्रशिक्षक १२ मिनिटं पळवतात आणि अंतर मोजतात. मुलांनी २४०० मीटर आणि मुलींनी २००० मीटर गाठले तर नवख्यासाठी चांगलं आहे. ४०० मीटरच्या ट्रॅकवर म्हणजे सहा फेऱ्या आणि पाच फेऱ्या.

सर्वांत जास्त मुलं अडकतात ती नडगीच्या दुखण्यात. कारण ठरलेलं आहे: पहिल्याच आठवड्यात उत्साहाने रोज पाच किलोमीटर, तेही काँक्रीटवर. मातीवर पळा, वाढ हळूहळू करा, दोन धावांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा. नडगीच्या हाडावर बोटाने दाबून एकाच ठिकाणी कळ येत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

५. चेंडू: तीनच गोष्टी

यूट्यूबवरच्या करामती सोडा. नवख्याला तीन गोष्टी नीट आल्या तरी चाचणीत निभावतं: पायाच्या आतल्या बाजूने पास, पहिला टच आणि समोरच्याला अडवणं.

*पास.* टेकायचा पाय चेंडूच्या शेजारी, वीतभर अंतरावर. त्या पायाचा अंगठा जिकडे, चेंडू तिकडे. मारणारा पाय बाहेर वळवून घोटा घट्ट करा आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतच्या आतल्या बाजूच्या मधल्या भागाने चेंडूच्या बरोबर मध्यावर मारा. चेंडू उडत असेल, तर तुम्ही मागे झुकताय किंवा खालून मारताय. तिरका जात असेल, तर टेकलेला पाय चुकीच्या दिशेने आहे. हळू जात असेल, तर घोटा ढिला आहे.

सोसायटीची भिंत हा यातला सर्वांत चांगला गुरू. पाच मीटरवर उभे राहा, भिंतीवर खडूने मीटरभर रुंदीची चौकट आखा. रोज उजव्याने १०० आणि डाव्याने १००. पहिले तीन आठवडे आधी थांबवून मग मारा, नंतर थेट. डावा पाय टाळू नका: चाचणीत चेंडू डाव्या पायावर आला आणि तुम्ही तो उजव्यावर घ्यायला गोल फिरलात, की तेवढ्यात समोरचा अंगावर आलेला असतो.

*पहिला टच.* पायाखाली चेंडू दाबून मेलेला ठेवायची सवय टर्फवर, म्हणजे जाळी लावलेल्या छोट्या मैदानावर, लागते. मोठ्या मैदानावर तो टच तुम्हाला पुढच्या पासच्या दिशेने मीटरभर हलवून द्यावा लागतो. चेंडू तुमच्याकडे निघाला की खांद्यावरून मागे एक नजर टाका. अंग आडवं ठेवा, म्हणजे चेंडूही दिसतो आणि समोरचं मैदानही. येणाऱ्या चेंडूकडे लांबच्या पायाची आतली बाजू करा, चेंडू लागतानाच पाय किंचित मागे घ्या आणि त्याला मोकळ्या जागेत ढकला. मित्राला दहा मीटरवर उभं करा. त्याने पास देताना "डावी" किंवा "उजवी" म्हणायचं आणि तुमचा टच तिकडे पडला पाहिजे. रोज पंधरा मिनिटं.

*अडवणं.* नवख्याचं खरं भांडवल हे आहे, आणि याचा सराव कुणीच करत नाही. समोरचा चेंडू घेऊन अंगावर येतोय अशी कल्पना करा. नवखा काय करतो? धावत जातो, पाय टाकतो आणि तो त्याच्या बाजूने निघून जातो. त्याऐवजी त्याच्याकडे वेगाने जा, पण तीन-चार मीटर आधी पावलं छोटी करा. दीड-दोन मीटरवर थांबा. अंग तिरकं, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, वजन पंज्यांवर. नजर चेंडूवर, त्याच्या कमरेच्या आणि पायांच्या हुलकावण्यांकडे बघायचंच नाही. मध्याकडची वाट अंगाने बंद करा आणि साइडलाइनची वाट उघडी ठेवा. मग तो सरकेल तसं मागे-मागे सरका. पाय कधी टाकायचा? त्याचा टच लांब गेला, किंवा त्याने मान खाली घातली, किंवा तुमचा माणूस मदतीला मागे आला, तरच. तोवर त्याचा वेग मारला हेच तुमचं काम झालं, कारण तेवढ्यात तुमची टीम मागे येऊन उभी राहते.

मित्राबरोबर दहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब पट्टा आखा आणि त्याने तुम्हाला ओलांडायचं अशा दहा-दहा फेऱ्या करा. प्रशिक्षकाने तुम्हाला दोनदा असं उभं राहिलेलं पाहिलं, की पाय कच्चा असला तरी वहीत नावापुढे खूण होते.

६. कोणती जागा मागायची

फॉरवर्ड मागू नका. चाचणीला आलेल्यांपैकी अर्धे तेच मागतात आणि चुका सगळ्यांत जास्त तिथे दिसतात. नवख्याला योग्य जागा म्हणजे साइड बॅक: एका बाजूला रेषा असते, म्हणून अर्ध्याच दिशांचा विचार करावा लागतो, आणि दम व शिस्त यांना किंमत मिळते. कबड्डी किंवा खो-खो खेळलेल्यांना छोट्या जागेत झटकन दिशा बदलता येते, त्यांना ही जागा लवकर जमते.

दुसरी जागा गोलकीपर. पुष्कळ कॉलेजांत दुसरा कीपरच नसतो. विकेटकीपिंग, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल किंवा हँडबॉल खेळलेले असाल, उंची बरी असेल आणि चेंडूला घाबरत नसाल, तर सरळ सांगा, "सर, मी कीपर म्हणून ट्राय देतो." गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. त्याचा अंदाज यायला आधी दोन-तीन संध्याकाळी त्यात नुसतं उभं राहून मित्रांकडून चेंडू मारून घ्या. छातीच्या वरचा चेंडू अंगठे जवळ आणून पकडा, कमरेखालचा करंगळ्या जवळ आणून, आणि प्रत्येक वेळी अंग चेंडूच्या मागे.

७. नियमांपैकी एवढं तरी

ऑफसाइड सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं, पण साइड बॅकची चूक हमखास इथेच होते. समोरचा खेळाडू तुमच्या अर्ध्या मैदानात असेल, आणि चेंडू मारला गेला त्या क्षणी तो चेंडूच्याही पुढे आणि तुमच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागेत. शेवटचा माणूस सहसा कीपर. आता तुमचे स्टॉपर (मधले बचावपटू) "अप!" म्हणत वर सरकले आणि तुम्ही एकटे मागे रेंगाळलात, तर तुमच्यामुळे समोरचे सगळे ऑनसाइड होतात. म्हणून नजर सतत स्टॉपरवर ठेवा आणि त्याच्या रेषेत राहा. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नाही.

थ्रो-इन बहुतेकदा साइड बॅकच घेतो. दोन्ही हात, चेंडू डोक्याच्या मागून आणि वरून, दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकलेला. जोर लावताना मागचा पाय उचलला जातो आणि चेंडू समोरच्यांना मिळतो. भिंतीवर वीस-वीस थ्रो मारून हे पक्कं करा.

आपल्या माणसाने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू कीपरला हाताने घेता येत नाही. आणि २०२५ पासून कीपरने चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो.

८. चाचणीचा दिवस

आदल्या दिवशी पळू नका. दोन-अडीच तास आधी पोहे, उपमा किंवा पोळी-भाजी खा. अर्धा तास आधी एखादं केळं. वडापाव आणि मिसळ नंतर. दोन लिटर पाणी आणि ओआरएसचं पाकीट सोबत ठेवा. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, निदान चार सराव त्यांत झालेले असावेत.

अर्धा तास आधी पोहोचा आणि नाव लिहून घेणाऱ्याला जागा विचारल्यावर लगेच सांगा: राइट बॅक, लेफ्ट बॅक किंवा कीपर. "कुठेही चालेल" म्हणालात तर कुठेही उभं करतात. आधी खेळलात का असं विचारलं तर खरं सांगा. खोटं पहिल्या पाच पासमध्ये कळतंच. खरं सांगितलं, तर सर त्या नजरेने बघतात आणि तुमची प्रगती मोजतात.

सहसा क्रम असा असतो: वॉर्म-अप, जोडीने पास, मग रॉन्डो, मग पाच-पाचचा छोटा सामना आणि शेवटी अकरा-अकराचा पंधरा-वीस मिनिटांचा.

रॉन्डोत, म्हणजे गोलातल्या पासिंगमध्ये, नवखा सारखा मध्ये जातो. जाऊ द्या. मध्ये असताना जीव तोडून पळा, दोन बाजूंपैकी एक बंद करा. पुष्कळजण तिथे कंटाळल्यासारखे चालतात आणि ते दिसतं.

मोठ्या सामन्यात पहिले तीन टच शक्य तितके साधे ठेवा: सर्वांत जवळच्या मोकळ्या माणसाला, जमिनीवरून. नाहीच कुणी दिसला तर साइडलाइनला लागून पुढे, किंवा थेट बाहेर. आपल्या गोलसमोरून आडवा पास कधीही देऊ नका. तो कापला गेला तर गोल नक्की.

आणि बोला. नवख्याला वाटतं, आपल्याला काय अधिकार. पण मागून मैदान तुम्हालाच जास्त दिसतं. "मॅन ऑन" म्हणजे अंगावर माणूस आहे, "टाइम" म्हणजे वेळ आहे, वळ. "मागे आहे" म्हणजे मला दे. सोबतच्या दोन-तीन जणांची नावं वॉर्म-अपमध्येच विचारून घ्या आणि नावाने हाक मारा.

चूक होणार, चेंडू जाणार. त्याच क्षणी वळून मागे पळा. हात वर करून माफी मागत उभं राहण्यात जी दोन सेकंदं जातात, ती प्रशिक्षक नोंदवतात. मागे पळत येऊन अडवलेला चेंडूही नोंदवतात.

टर्फवरच्या सवयींचा इथे त्रास होतो. तिथे जाळीला लागून चेंडू परत येतो, ऑफसाइड नसतो, आणि पाच पावलांत गोल येतो. मोठ्या मैदानाची लांबी १०० मीटरच्या आसपास असते. चाचणीआधी निदान तीन सामने पूर्ण मैदानावर खेळून घ्या, मग ते रविवारी सकाळी मैदानावर जमणाऱ्या मोठ्या माणसांबरोबर का असेनात.

निवडीची हमी देऊन कुणी पैसे मागितले तर तिथून उठा. कॉलेजच्या चाचणीला पैसे लागत नाहीत.

९. मुलींसाठी वेगळं थोडं

मुलींच्या टीमला खेळाडू कमी पडतात, म्हणून पहिल्याच वर्षी मैदानावर उतरायची शक्यता मुलांपेक्षा जास्त आहे. टीमच नसेल, तर पंधरा जणींची नावं, वर्ग आणि सह्या असलेला अर्ज क्रीडा संचालकांना द्या, तोही विद्यापीठाकडे प्रवेशिका पाठवायच्या मुदतीआधी. "मुली येत नाहीत" हे कारण त्या कागदापुढे टिकत नाही. सरावाची वेळ, कपडे बदलायची जागा आणि बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत शिक्षिका, या तीन गोष्टी त्याच अर्जात मागा. चांगली स्पोर्ट्स ब्रा ही बुटांइतकीच गरजेची खरेदी आहे.

१०. यादी लागल्यावर

नाव आलं नाही तर त्याच दिवशी सरांकडे जाऊन दोनच प्रश्न विचारा: काय कमी पडलं, आणि सरावाला येऊ का. परीक्षा, दुखापती, अटेंडन्स यांनी हंगामात दोन-चार मुलं कमी होतातच, आणि तेव्हा रोज मैदानावर दिसणारा आधी आठवतो.

नाव आलं तर सामन्यांच्या दिवसांच्या हजेरीचं पत्र जिमखान्याकडून घेऊन वर्गशिक्षकांना स्वतः नेऊन द्या. खेळाडूंना सवलतीचे गुण मिळण्याचे विद्यापीठाचे नियम आहेत. त्यासाठीचा अर्ज आणि सहभागाचं प्रमाणपत्र आपणच पाठपुरावा करून मिळवावं लागतं.

घोटा मुरगळला तर खेळ थांबवा. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उंच. पहिले दोन दिवस तेल लावून चोळू नका, शेकू नका. त्याने सूज वाढते. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. डोक्याला मार लागून गरगरत असेल, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही आणि डॉक्टरांकडे जायचं, कॅप्टन काहीही म्हणो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात खेळलात, तर खरचटलेलं लगेच साबणाने धुवा आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना चिखलात खेळल्याचं आवर्जून सांगा, लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका त्यांना घेता आली पाहिजे. विजा कडाडायला लागल्या की मैदान सोडून इमारतीत जा, झाडाखाली थांबू नका.

सामन्याच्या आदल्या रात्री बॅग भरताना मूळ ओळखपत्र, दोन्ही शिनगार्ड, दोन जोड मोजे, जास्तीच्या नाड्या आणि चिकटपट्टी तपासा. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरीच काढून ठेवा. चिकटपट्टी गुंडाळून चालवून घ्या असं रेफ्रीला सांगून उपयोग नाही, ते काढायलाच लावतात.